एक जूनचं चोविसावं नाव

"‘आजचे’ पूस आणि तिथं ‘जून महिन्यातले’ लिही. लवकर कर," असं म्हणून नाडकर्णी सर मागं बघत बघत ऑफिसकडं गेले.

माझ्या एका हातात ओलं फडकं होतं, दुसऱ्यात खडू. समोर गेटजवळचा काळा बोर्ड. त्यावर सकाळी साडेसातला मीच ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘आजचे वाढदिवस’. खाली तेवीस नावं. त्यातला एवढा एक शब्द पुसायचा होता.

ही पंच्याण्णव सालच्या एक जूनची गोष्ट. ठाणे-बेलापूर रोडवर रबाळ्याजवळ आमची केमिकल कंपनी होती आणि मी तिथं पेंटर होतो. भिंती रंगवणारा नव्हे. फॅक्टरीत पेंटरचं खरं काम पाइपलाइनचं. पाइपात काय वाहतंय ते बाहेरच्या रंगावरून कळलं पाहिजे. पाण्याला हिरवा, हवेला आकाशी, ॲसिडला जांभळा. वर बाण काढायचा, म्हणजे माल कुठं चाललाय ते समजतं. पट्टा चुकला तर एखादा गडी पाणी समजून ॲसिडचा व्हॉल्व्ह उघडणार. ही भीती मला जेवतानासुद्धा सुटायची नाही.

माझं गाव जिंतूरकडं. आठवीत शाळा सोडली, तालुक्याला एका पेंटरच्या हाताखाली अक्षर वळवायला शिकलो आणि गाववाल्यांच्या ओळखीनं ठाण्याजवळ दिघ्याला आलो. एका खोलीत सहा जण राहायचो. आधी मी ठेकेदाराकडं होतो. ड्रमवरचं माझं अक्षर बघून नाडकर्णी सरांनी, म्हणजे आमच्या पर्सोनेल ऑफिसरनी, मला कंपनीच्या टेम्पररीत घेतलं. त्यांचे उपकार मी कधी विसरलो नाही. जुलैत पर्मनंटचं लेटर मिळणार होतं. मी गावी आईला आधीच कळवून टाकलं होतं. ते चुकलंच माझं.

गेटवरचा बोर्ड हे माझं जादा काम. वर सुविचार, मध्ये दिनविशेष, खाली कामगारांचे वाढदिवस. दिनविशेष मी एका जुन्या डायरीतून उतरवायचो. वाढदिवसांची स्लिप टाइम ऑफिसमधून, म्हणजे हजेरी ठेवतात तिथून, आदल्या दिवशी यायची. रोज एखादं नाव, कधी तेही नाही.

एक जूनच्या स्लिपवर चोवीस नावं होती.

शहरातल्या वाचकांना हे खोटं वाटेल. पण गावाकडं शाळा उघडायची जूनमध्ये. पोराला हाताला धरून आणलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? माझी आई म्हणाली, दुष्काळातला, मी खडी फोडायच्या कामावर होते तेव्हाचा. त्यावरून तारीख कशी काढणार? गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, सहा वर्षं पुरी भरतील असं साल धरलं आणि एक जून टाकलं. असं गावोगावच्या गुरुजींनी केलं. ती तारीख टाकली म्हणून तर शाळेत बसायला मिळालं. माझं नाव त्या स्लिपवर सतरावं होतं.

आणि चोविसावं होतं घोरपडे साहेबांचं. ते वर्क्स मॅनेजर, अख्ख्या फॅक्टरीचे मालकच म्हणा. प्लांटमध्ये ते इंग्रजीशिवाय बोलायचे नाहीत. ते समोरून आले की माणसं पाइपरॅकखालून पलीकडं जायची. त्यांचं नाव हेल्परच्या आणि माळ्याच्या खाली कसं लिहू? वर लिहावं तर कुठं? शेवटी मी ते गाळलं आणि स्लिप खिशात ठेवली. मध्ये दिनविशेष होताच: याच दिवशी डेक्कन क्वीन सुरू झाली, याच दिवशी पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली.

सकाळी तळवलीचे पाटीलकाका गेटवर ड्युटीला होते. त्यांनी बोर्ड वाचला आणि मला हाक मारली.

"काय रं, तुमचे गावान सगली पोरा येकाच दिवशी होतान?"

मी म्हटलं, "आमची सुईण एकच दिवस मोकळी असते काका."

ते हसले. मीही हसलो. त्या दिवसातलं हसणं तेवढंच.

कारण त्याच दिवशी आयएसओचं ऑडिट होतं. हे सर्टिफिकेट मिळालं तरच आमचा माल परदेशी जाणार होता. ऑडिटर येतो, कागद आणि काम जुळतं का बघतो. जुळलं नाही की एनसी देतो. एनसी म्हणजे चूक लेखी मान्य करायला लावणारा कागद. मोठा एनसी आला की सर्टिफिकेट लांबलं. घोरपडे साहेबांनी आदल्या आठवड्यात सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की ज्याच्यामुळं एनसी येईल तो दुसऱ्या दिवशी गेटबाहेर असेल.

ऑडिटर चेन्नईचे होते. बारीक, चष्मेवाले, शांत. त्यांनी ऑपरेटरांच्या ट्रेनिंगच्या तीन फायली सहज उचलल्या. तिघांचीही जन्मतारीख एक जून. मग त्यांना गेटवरचा बोर्ड आठवला. त्यांनी नाडकर्णी सरांना विचारलं, तुमच्याकडचे हे कागद खरे आहेत ना? सर धावत माझ्याकडं आले ते यासाठी. यादी आजची नाही, महिन्याची आहे असं दिसलं की विषय मिटेल, असं त्यांना वाटलं.

मी ‘आ’ पुसला, ‘ज’ अर्धा पुसला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"क्या मिटा रहे हो?"

ऑडिटर उभे होते. शेजारी घोरपडे साहेब. फडक्यातलं पाणी बुटावर ठिबकत होतं. नाडकर्णी सर मागून आले आणि म्हणाले, ही महिन्याची यादी आहे. ऑडिटरांनी अर्ध्या पुसलेल्या अक्षराकडं बघितलं. पेनानं त्यांनी नावं मोजली. साहेबांशी इंग्रजीत काहीतरी बोलले. मला दोनच शब्द कळले, ‘फेक’ आणि ‘रेकॉर्ड’. वाटलं, आता तेवीसच्या तेवीस जणांना वय तपासायला सिव्हिल सर्जनकडं पाठवणार. दाखला खोटा ठरला की नोकरी गेली. आणि हे सगळं माझ्या खडूनं झालं.

मग त्यांनी मला माझा वाढदिवस विचारला. मी सतराव्या नावावर बोट ठेवलं. मोडक्या हिंदीत सांगितलं की ही कागदावरची तारीख आहे, खरी आईलाही ठाऊक नाही. गुरुजींचं सांगितलं, खडीचं सांगितलं. ते ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं की हे फक्त कामगारांचंच कसं, स्टाफमध्ये कोणीच नाही?

मी फडकं पिळायला लागलो.

"लिस्ट पूरी है?"

खिशातली स्लिप मला विस्तवासारखी लागायला लागली. हो म्हटलं तर आम्ही तेवीस जण खोटे. नाही म्हटलं तर साहेबांचं नाव सांगावं लागणार आणि मी एकटा गेटबाहेर. नाडकर्णी सर माझ्याकडं बघत होते, ज्यांनी मला इथं आणलं ते. दिघ्याची खोली, जुलैचं लेटर, आईला लिहिलेलं पत्र, सगळं डोळ्यांपुढून गेलं. हिंमत नव्हतीच. खोटं बोलायला लागते तेवढीही नव्हती, एवढंच.

"नहीं सर. एक नाम मैंने नहीं लिखा."

"किसका?"

माझी मान वर होईना. हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला.

"माझं," घोरपडे साहेब म्हणाले.

प्लांटमध्ये त्यांच्या तोंडून मराठी मी पहिल्यांदा ऐकलं. मग ते ऑडिटरांशी बराच वेळ इंग्रजीत बोलले. ‘स्कूल’ कळलं, ‘मदर’ कळलं, आणि ‘माण तालुका’. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं हात केला. "खडू दे."

खाली जागा उरली नव्हती. त्यांनी वर, पहिल्या एसटीच्या ओळीशेजारी, आपलं नाव कोंबून लिहिलं. आधी श्री नाही, नंतर साहेब नाही. अक्षर फार वाईट होतं.

एनसी आला नाही. ऑडिटरांनी नुसती सूचना लिहिली की जन्मतारीख कशावरून घेतली ते फायलीत नोंदवावं. तेव्हापासून आमच्या फॉर्मात एक रकाना वाढला: जन्मतारखेचा आधार. आम्ही चोवीस जणांनी तिथं लिहिलं, शाळेचा दाखला.

तरी मला तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी घोरपडे साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

"नाव का गाळलंस?"

"घाबरलो साहेब."

"ॲसिडच्या पाइपला घाबरून पट्टा मारायचा सोडतोस?"

"नाही साहेब."

"मग जा."

जुलैत लेटर आलं. पुढच्या एक जूनला मी स्लिप आली तशीच्या तशी उतरवली. नावं इतकी झाली की एसटी आणि डेक्कन क्वीनला जागाच उरली नाही.

ही लाइन पुढं मी दुसऱ्या कंपन्यांतही केली, अजून करतो. नव्या पेंटरला दोनच गोष्टी सांगतो: आत जे आहे तेच बाहेर लिही, आणि स्लिपवरचं नाव आपल्या भीतीनं गाळू नको. आता माझ्या रिटायरमेंटला थोडी वर्षं उरलीत. आईच्या दुष्काळावरून हिशेब धरला तर कागदाप्रमाणं मी दीड वर्ष लवकर घरी जाईन. माझी तक्रार नाही. ते दीड वर्ष गुरुजींचं.