शाळेतल्या नव्या बाई

माझ्याएवढा पोपट कुणाचा झाला असेल तर त्यानं हात वर करावा, चहा माझ्याकडून.

पावस गावाजवळच्या एका वाडीतल्या शाळेत मी एकटाच गुरुजी. मूळचा सोलापूरचा. दोन वर्षं झाली तरी पोरं सोडली तर धड बोलायला कोणी नाही. संध्याकाळी खोली खायला उठायची.

अशात शाळेला कॉम्प्युटर मिळाला, सोबत भाषेच्या खेळाची सीडी. चित्र बघून शब्द निवडायचा. बरोबर आला की आतून एका बाईंचा आवाज, "शाब्बास!" चुकला की, "पुन्हा करून बघ, बाळा." पोरांनी त्या आवाजाला नाव ठेवलं, नव्या बाई. शाळा सुटल्यावर मीच खेळत बसायचो. चाळिशीतल्या माणसाला 'बाळा' म्हणणारं तिथं दुसरं कोण होतं?

एकदा विहिरीवर शेजारच्या शेवंताकाकी म्हणाल्या, "काय वो गुरुजी, शाळेत नव्या बाई आल्यात म्हणे?"

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून विचारलं. मी असा फुललो म्हणून सांगू!

"आल्यात ना. शंभरदा चुकलं तरी चिडत नाहीत."

"ऱ्हातात कुठं?"

"शाळेतच."

"एकट्या? भ्या नाय वाटत?"

"त्यांना कसलं भ्या? जाताना मी अंगावर चादर टाकतो, बाहेरून कुलूप लावतो. धूळ तेवढी सोसत नाही त्यांना."

काकी कळशी तिथंच टाकून गेल्या. मला वाटलं, कौतुक सांगायला पळाल्या.

सकाळी शाळेच्या पायरीवर सात-आठ बायका. एकीच्या हातात भाकरीचा डबा, दुसरीच्या हातात कोयता.

"उघडा कुलूप. परक्या बाईमाणसाला कोंडून ठेवता?"

आता नोकरी गेली आणि अब्रूही गेली, एवढंच मला कळलं. दार उघडलं, चादर ओढली, बटण दाबलं. आमच्या बाई सुरू व्हायला पाच मिनिटं घ्यायच्या. ती पाच मिनिटं माझी मला माहीत. शेवटी काकींच्या हातात माऊस दिला. त्यांनी भलत्याच शब्दावर दाबलं.

"पुन्हा करून बघ, बाळा."

बायका हसून हसून खाली बसल्या. काकींनी मात्र माझ्याकडे बघितलं.

"संध्याकाळचे हिच्याशीच बोलत बसता होय?"

मी मान हलवली. डोळे भरून आले, लपवता आले नाहीत.

"मग आमच्याकडं यायचं की. आम्हाला वाटलं, गुरुजींना माणसंच नको असतात. तुमचं दार कायम लावलेलं. लावलेल्या दारावर आम्ही थाप नाय मारीत."

आणि मी शहाणा, सापाच्या भीतीनं आतून कडी घालून दोन वर्षं वाट बघत होतो, कोणीतरी येईल म्हणून!