किंजळीखालचे बूट

झिलूमामा माझ्या दुकानात चहाला येतात तेव्हा आधी कपाकडे बघत नाहीत, बाकापुढच्या मातीकडे बघतात. सकाळपासून कोण आलं, कोण बसलं, कोण नुसतंच घुटमळून परत गेलं, हे सगळं त्यांना तिथं वाचता येतं. एकदा मला म्हणाले, "पुंडलिक, तुझा मेव्हणा येऊन गेला काय गा? बसला न्हाई. उभ्या उभ्याच तणतणत गेला." झालं होतं खरं तसंच. त्या दिवसापासून मी दुकानापुढचं अंगण दिवसातून दोनदा झाडतो. माणसानं किती म्हणून उघडं राहायचं?

माझं दुकान कर्नाटकातल्या रामनगरच्या अलीकडे, फाट्यावर. इथून रानात शिरणारी पायवाट तीन किलोमीटरवरच्या मामांच्या वाडीला जाते. मामांनी उमेदीची तीस वर्षं कुळगीच्या रानात वनखात्याचे वॉचर म्हणून काढली. गव्याचा माग, अस्वलाचा माग, लाकूडचोराचा माग, जमिनीवर उमटलेलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कागदावरचं मात्र एक अक्षर कळत नसे. सही येत नव्हती म्हणून वॉचरचे गार्ड झाले नाहीत. हे दुःख त्यांनी मनात धरून ठेवलं आणि नात झाल्याबरोबर ते तिच्या दप्तरात भरलं.

नातीचं नाव भाग्यलक्ष्मी. वाडीत सगळे भागीच म्हणतात. बाप गोव्यात हॉटेलात कामाला, आई केशर घरचं भात आणि गुरं बघते, आणि भागी रामनगरला हायस्कुलात नववीत. मामांचा हुकूम एकच होता. घर, शाळा, पुस्तक आणि परत घर. कुळगीच्या शिबिरात शहरातली पोरं येत, दोरीवर चढत, शिट्ट्या वाजवत, पक्षी मोजत. मामांनी त्यावरून आपलं गणित मांडलं होतं की खेळ ही ज्यांच्या बापाची खुर्ची पक्की आहे त्यांची गोष्ट. आपल्या पोरांनी अक्षर सोडून दुसरं काही धरलं की समजावं, कोणीतरी फसवतंय.

त्यामुळे श्रावणात पीटीचे नागराज मास्तर वाडीत आले तेव्हा मामांच्या भुवया आधीच वर होत्या. मास्तर कानडी, मराठी मोडकं, पण माणूस सरळ. भागी चांगली पळते, तालुक्याच्या स्पर्धेत पंधराशे मीटरला उतरवू, पहिल्या दोघी शिरसीला जिल्ह्याच्या स्पर्धेला जातील, पुढं कुठं खेळाच्या हॉस्टेलातही जागा मिळेल, असं ते सांगत होते. मामांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "पळायला शाळा कशाला पायजे, मास्तर? पळायला रान हाय की."

मास्तर हसले. मामा हसले नाहीत. मास्तर गेल्यावर दाराशी त्यांच्या चपलांचा ठसा न्याहाळत राहिले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर येऊन म्हणाले, "पुस्तकात न्हाई ते शिकवायला एवढ्या रानात माणूस कशाला यील? काय तरी हाय."

मी काय म्हणालो ते सांगायला आज लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "मामा, मार्क पडत नाहीत त्यांना खेळात घालतात. पोरगी अभ्यासात मागं पडली असेल." माझा रोहन हायस्कुलात असताना बँडमध्ये ढोल बडवत असे, तेव्हाही मी हेच म्हणत होतो आणि त्याचा ढोल बंद करून सुखानं जेवत होतो. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, आणि मामांच्या जोडीला मी आणखी हळद कालवून देत होतो. मामांनी नातीला पळायची बंदी केली. भागीनं मान डोलावली आणि विषय मिटला, असं आम्हा दोघांना वाटलं.

गणपतीनंतर पावसानं उघडीप दिली. वाटेवरचा लाल चिखल सुकत आला म्हणजे ठसा असा उमटतो की आंधळ्यानंही चाचपून वाचावा. एका सकाळी मामा फाट्यावर आले ते चहा न मागताच बसले. म्हणाले, "किंजळीखाली कोण तरी येतोय."

वाटेच्या मध्यावर एक जुनी किंजळ आहे. तिच्या बुंध्याला ढोली, खाली सपाट दगड. किंजळीपासून ओढ्यापर्यंत दोनेकशे पावलं वाट सरळ जाते. तिथं मामांनी जे वाचलं ते असं: घराकडून भागीच्या चपलांचे ठसे येतात आणि किंजळीशी थांबतात. तिथून पुढं बुटांचे ठसे, मोठे, पुरुषाच्या मापाचे. ते ओढ्यापर्यंत जातात, परत येतात, परत जातात. दहा वेळा, बारा वेळा. मग पुन्हा भागीच्या चपला सुरू होतात आणि फाट्याकडे जातात.

"येरझाऱ्या घालतोय," मामा म्हणाले. "तिची वाट बघतोय."

"आणि ती?"

"दगडावर बसत असंल."

मला ते पटलं. का पटू नये? तीस वर्षं रान वाचलेला माणूस बोलत होता. तरी मी एक शंका काढली, "मग हा पोरगा येतो कुठून आणि जातो कुठं?"

"गवतातनं. गवतात ठसा ऱ्हात न्हाई."

संशयाला उत्तरांची कधी टंचाई नसते. मामांनी आणखी एक खूण टिपली होती. त्या पोराचा डावा पाय जरासा आत वळून पडत होता. झालं. त्या दिवसापासून माझ्या बाकावर बसून मामा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक तरण्या पोराचे पाय बघू लागले. बसमधून उतरणारे, दूध घेऊन जाणारे, ट्रकचे क्लीनर, कुणी सुटला नाही. अक्षय नावाचा एक बिचारा घोटा मुरगळल्यामुळे लंगडत आला, तर मामांनी त्याला गावाचं नाव, बापाचं नाव आणि घोटा कधी मुरगळला हे सगळं विचारून घेतलं. नागराज मास्तरांवर तर पहिला संशय होता. पण एक दिवस ते दुकानासमोरून गेले आणि मामांनी नाइलाजानं त्यांना सोडून दिलं. "मास्तरचा पाय सरळ पडतोय," म्हणाले.

हसू नका. मामांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की पोरगा सापडला की त्याच दिवशी भागीचं नाव शाळेतून काढायचं आणि तिला दिग्गीला आत्याकडं धाडायचं. दिग्गीहून हायस्कुलाला रोज कुणी येत-जात नाही. म्हणजे नववीतच पुस्तक बंद. ज्या पुस्तकासाठी हा माणूस जन्मभर झुरला, तेच तो स्वतःच्या हातानं मिटायला निघाला होता, आणि मी त्याला चहा पाजत होतो.

मग त्यांना ढोलीत बूट सापडले. पळायचे बूट, निळे, झिजलेले, मोठ्या मापाचे. मामा ते पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आले. मी म्हटलं, "आत काही नाव-बिव आहे का बघा." मामांनी तोंड वाकडं केलं. "परक्या पोराच्या बुटात हात कोण घालंल?" बूट त्यांनी तसेच पिशवीत ठेवले, पुरावा म्हणून, आणि ते शोधत त्यांचा धनी कधी येतो याची वाट बघत राहिले.

आलं कोणीच नाही. किंजळीभोवती फक्त भागीच्या चपलांचे ठसे उठले, गोल गोल, ढोलीपाशी पुन्हा पुन्हा. "पोरगी कासावीस झालीया," मामा म्हणाले. "आनि त्यो बघ, भ्याला. बूट गेल्यापासनं बुटाचा एक ठसा न्हाई." हे वाक्य त्यांनी उच्चारलं आणि मी ऐकलं, आणि आम्हा दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी रामनगरच्या मैदानावर तालुक्याच्या स्पर्धा होत्या. वर्गातल्या मुली बघायला जाणार आहेत, असं भागीनं घरी सांगितलं होतं. मामा माझ्याकडे आले. "तालुक्यातली समदी पोरं आज एका जागी येनार. चल." दुकान पोराच्या हवाली करून मी निघालो. मामांच्या काखेत ती पिशवी होती.

मैदान म्हणजे जांभ्या दगडाचा माळ. वर माती टाकून चुन्याच्या रेघा मारलेल्या, पण वळणांवर खडी उघडी पडलेली. मामा दोरीशी उकिडवे बसले. सगळं मैदान वर बघत होतं आणि हा एक माणूस खाली. लांब उडी झाली, रिले झाली, मामा पाय बघत होते. मग माईकवर कानडीतून मुलींची पंधराशे मीटर पुकारली, आणि नावांत भाग्यलक्ष्मी हे नाव आलं.

"ही हितं काय करतीया?" मामा म्हणाले.

रेघेवर आठ मुली उभ्या होत्या. सातजणींच्या पायात काहीतरी होतं. भागी अनवाणी होती. नागराज मास्तर वाकून तिला काही विचारत होते आणि ती नकारार्थी मान हलवत होती. शिट्टी झाली.

पहिल्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढं होती. आमच्या समोरून गेली तेव्हा मामांची नजर सवयीनं जमिनीवरच होती. दुसऱ्या फेरीला ते उठून उभे राहिले. खूप हळू आवाजात म्हणाले, "पुंडलिक, तिचा डावा बघ."

मी बघितला. जरासा आत वळून पडत होता. मग माझी नजर शेजारी उभ्या असलेल्या मामांच्या पायांकडे गेली. इतकी वर्षं हा माणूस माझ्या अंगणातून चालत येत होता, आणि त्याचाही डावा तसाच पडतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंही नव्हतं. आपला माग कोण काढतो?

मामांनी पिशवीतून एक बूट काढला आणि त्यात हात घातला. पुढच्या टोकातून कापडाचा बोळा निघाला. मापाचा नाही म्हणून पाय घट्ट बसावा यासाठी कोंबलेला. खाकी कापड. उलगडलं तर खिशाची पट्टी होती, बटण अजून शिवलेलं. त्यांच्याच कुळगीच्या शर्टाची. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा काखेत घेऊन माणूस चोर शोधत होता.

ती शेवटच्या फेरीत होती. खडीच्या वळणावर पाय आखडले होते, पुढची मुलगी निसटली होती, पण दुसरा नंबर भागीच्या हातात होता. तेव्हा मामा दोरीखालून आत घुसले. दोन्ही हातांत बूट उंच धरून ओरडले, "भागे, बूट हे घे गं!"

तिनं वळून बघितलं. एवढंच. एकदाच मान वळली, पाय अडखळला, आणि मागून येणारी मुलगी तिच्या अंगावरून पुढं गेली. शिरसीला दोघीच जाणार होत्या. भागी तिसरी आली.

ती आमच्याकडे चालत आली तेव्हा तळव्यांतून रक्त येत होतं. रडत नव्हती. मला वाटतं रडली असती तर बरं झालं असतं.

"आज्जा, हे तुझ्याजवळ हुतं व्हय?"

"व्हय."

"मास्तरांचं जुनं हुतं ते. म्या लई हुडकलं."

घरी गेल्यावर केशर चुलीपुढून न उठता म्हणाली, "शर्ट म्या फाडला, मामंजी. फारमावर सही बी मीच केली. काय बोलायचं ते मला बोला." दुसऱ्या दिवशी बूट घेऊन मामा नातीबरोबर शाळेत गेले आणि नागराज मास्तरांना सांगितलं की चूक माझी आहे, पोरीला पुढच्या वर्षाला धरा. मास्तरांनी बूट भागीलाच परत दिले. पुढच्या वर्षी काय होईल ते कुणी सांगावं? हे वर्ष मात्र गेलं, आणि ते आम्ही दोघांनी घालवलं.

हल्ली दुकानात कुजबुज असते. झिलू रोज पहाटे खराटा घेऊन रानात जातो. कुणी म्हणतं काहीतरी पुरलंय, कुणी म्हणतं पुरलेलं शोधतोय. मलाही राहवलं नाही. खोड कुठं जाते? परवा सकाळी मी किंजळीपर्यंत जाऊन आलो.

किंजळीपासून ओढ्यापर्यंतची वाट स्वच्छ झाडलेली होती. एक खडा नव्हता. मऊ मातीवर फक्त बुटांचे ठसे होते, जाणारे आणि येणारे, डावा जरासा आत वळलेला. आणि वाटेच्या कडेनं, गवताला लागून, म्हाताऱ्या अनवाणी पायांची एकच ओळ होती. ज्याचा माग काढायचा त्याच्या ठशावर पाय द्यायचा नाही, असा वॉचर लोकांचा नियम आहे. मीही वाटेत उतरलो नाही. गवतातूनच परत आलो.