झाकणावर कोण बसलं होतं

पेंटरच्या दुकानाला तीनच भिंती होत्या. चौथ्या बाजूला शटर बसवून घ्या म्हणून बायकोनं तीस वर्षं डोकं खाल्लं, पण हा गडी ढिम्म. रोज संध्याकाळी डबे, ब्रश, शिडी, सगळं हातगाडीवर लादून घरी न्यायचं आणि सकाळी पुन्हा आणायचं. लोक म्हणत, चिक्कू आहे. चिक्कूबिक्कू काही नव्हता. शटर असलं की ते कोणीतरी बाहेरून ओढू शकतं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि साठी उलटलेल्या माणसानं हे सांगायचं कुणाला?

घरातही तीच तऱ्हा. न्हाणीघराची कडी त्यानं जन्मात लावली नाही. आत असला की सारखा खाकरायचा, नाहीतर मोठमोठ्यानं पाढे म्हणायचा. घरी पाहुणे आले की बायको दाराबाहेर पहाऱ्याला. 'आमचे महाराज आत आहेत,' म्हणायची आणि हसायची. ऐन पंचविशीत रंगाच्या कारखान्यात पक्की नोकरी लागली होती. रंग मिसळायच्या खोलीला खिडकी नव्हती आणि दार आपोआप लागायचं. अकरा वाजता सही करून हा आत गेला, सव्वा अकराला बाहेर आला, तो परत काही गेला नाही. सासऱ्यानं वर्षभर तोंडसुख घेतलं. तेव्हापासून चाळीस वर्षं शिडीवर, उन्हातान्हात, दुसऱ्यांच्या दुकानांची नावं लिहिण्यात गेली. हात मात्र असा, की छापील पाट्या स्वस्त झाल्या तरी जुनी गिऱ्हाईकं त्याला सोडून गेली नाहीत.

त्या दिवशी दुपारी ढब्बू आणि पोपट दुकानात आले. दोघंही शाळासोबती. ढब्बूची बेकरी होती. लहानपणीही तो असाच आडवातिडवा, म्हणून हे नाव. पोपट विमा विकून निवृत्त झाला होता, पण तोंड निवृत्त झालं नव्हतं. या टोळीतला चौथा म्हणजे कप्तान. शाळेत चेंडूच्या खेळात तोच कायम कप्तान, मोठेपणी त्याच शाळेचा मुख्याध्यापक, आणि महिन्यापूर्वी वारला. शाळेनं वाचनालयाला त्याचं नाव द्यायचं ठरवलं होतं. परवा सकाळी समारंभ होता आणि फलक पेंटरनंच लिहावा अशी सगळ्यांची इच्छा होती.

"तुझ्याच हातचा हवा," पोपट म्हणाला. "तसं भाषणात सांगणारच आहोत. ऐकून लोक रडतील बघ."

ढब्बूनं बिस्किटांचा पुडा फोडला. चहा आला. मग दोघांची गाडी सुटली. कप्ताननं परीक्षेत वही कशी दाखवली, कप्ताननं गणिताच्या मास्तरांची सायकल कशी लपवली. पेंटर पाटीवर पांढऱ्या रंगाचा हात फिरवत होता. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात ते काही खोटं नाही, असं त्याच्या मनात आलं. पण तोंडात मूग धरून बसायची त्याला जुनी सवय.

"मजकूर दे," तो म्हणाला.

पोपटानं घडी केलेला कागद दिला. पहिल्या ओळीत कप्तानचं नाव. दुसऱ्या ओळीत, शिस्तप्रिय मुख्याध्यापक. चौथ्या ओळीत तारीख. आणि तिसऱ्या ओळीत: 'बालपणी याच शाळेच्या गच्चीवरील टाकीतून मित्राला जिवंत बाहेर काढणारा धैर्यवान.'

पेंटरनं ती ओळ दोनदा वाचली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कारण तो मित्र म्हणजे हा स्वतः, आणि त्याला टाकीतून कप्ताननं काढलंच नव्हतं.

तेव्हा ते चौघं अकरा वर्षांचे होते. मधल्या सुट्टीत गच्चीवर खेळत होते. टाकी धुवायची म्हणून रिकामी केलेली. कप्तान म्हणाला, चेंडू टाकीत पडलाय, तू बारका आहेस, उतर. हा उतरला. तळाशी घोटाभर गढूळ पाणी आणि शेवाळ. वरून झाकण बसलं तेव्हाही त्याला वाटलं, चुकून पडलं असेल, आणि तो अंधारात गुडघ्यावर बसून चेंडू शोधत राहिला. कितीतरी वेळ शोधला. चेंडू नव्हताच. मग तो पाइपावर पाय देऊन वर चढला आणि डोक्यानं झाकण ढकललं. बोटभर उचललं गेलं, उजेडाची रेघ दिसली, आणि झाकण पुन्हा आदळलं. वर कोणीतरी बसलं होतं. तो ओरडला. वरून हसणं ऐकू आलं आणि एक आवाज, "ऐकू येत नाही रे, मोठ्यानं बोल." टाकीत सगळे आवाज सारखेच घुमत, त्यामुळे कोणाचा ते कळलं नाही. त्या बावळटाला वाटलं, खरंच ऐकू येत नसेल. म्हणून तो मोठ्यानं ओरडला. मग आणखी मोठ्यानं. घंटा झाली, कडी लागल्याचा आवाज आला आणि वर कोणीच राहिलं नाही.

शाळा सुटल्यावर झाडलोट करणारी मावशी पाणी सोडायला गच्चीवर आली. तिनं आतून नखं घासल्याचा आवाज ऐकला. ओढून काढलं, स्वतःच्या पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "कोणी केलं रे हे?" तो म्हणाला, "मीच पडलो." घरी आईनं कपडे घाण केले म्हणून एक ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी कप्ताननं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला पहिल्यांदा संघात घेतलं. आणि याला आनंद झाला. खरी लाज त्याला या आनंदाची होती.

पुढे कप्तान मुख्याध्यापक झाला आणि दर वर्षी पहिल्या दिवशी मुलांना मैत्रीवर भाषण द्यायला लागला. त्यात टाकी असायची, आत पडलेला मित्र असायचा, आणि जिवाची पर्वा न करता उतरणारा कप्तान असायचा. पेंटरची मुलगी त्याच शाळेत. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, सरांनी तुम्हाला वाचवलं होतं?" पेंटर म्हणाला, "भात निवतोय, जेव." तेवढ्यावर ते मिटलं.

आणि आता तीच थाप त्याच्याच ब्रशनं लिहायची होती.

"ही ओळ कोणी सुचवली?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांनाच माहिती आहे की," पोपट म्हणाला. "खरं सांगायचं तर तेव्हा तुला काढलं मी. डावा हात धरून ओढला. पण आता गेलेल्या माणसाच्या नावावर जाऊ दे, आपल्याला काय."

"तू?" ढब्बूनं कप खाली ठेवला. "तू जिन्याशी उभा होतास. भेदरला होतास नुसता. काढलं मी. अंगात ताकद कोणाच्या होती?"

"तुझं आपलं काहीतरीच. माझं कोपर खरचटलं होतं, माझ्या आईला विचार."

"तुझी आई वारून वीस वर्षं झाली. आता कुठं विचारू?"

दोघं हमरीतुमरीवर आले. एकाला डावा हात आठवत होता, दुसऱ्याला उजवा. एक म्हणे ऊन होतं, दुसरा म्हणे आभाळ आलं होतं. आणि गंमत अशी की दोघंही खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं सांगून सांगून त्यांना ते दिसायला लागलं होतं. पेंटर शांतपणे ब्रश पुसत होता. आपली आठवण यांनी अशी वाटून घेतली, आणि आपल्या वाट्याला फक्त शेवाळ आलं, याचा त्याला मनस्वी संताप आला.

"म्हणजे पोपटानं मला काढलं, ढब्बूनं काढलं आणि कप्ताननंही काढलं," तो म्हणाला.

"तसंच समज," पोपट म्हणाला. "मिळून काढलं."

"मग झाकणावर कोण बसलं होतं?"

ढब्बूच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून पडलं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"कसलं झाकण?" पोपट म्हणाला.

"टाकीचं. मी खालून ढकललं तेव्हा वर कोणीतरी बसलं होतं. कोण?"

"अरे, पन्नास वर्षांपूर्वीचा पोरखेळ तो. आणि तू आज उकरून काढतोस? माणूस जाऊन महिनाच झालाय. तू पहिल्यापासूनच खुनशी आहेस."

"आहे," पेंटर म्हणाला. "कोण बसलं होतं?"

"आम्ही दुसरीकडून छापून घेऊ."

"घ्या की."

पण छापून घेता येत नव्हतं. वाचवलेल्या मित्राच्या हातचा फलक, असं निमंत्रणपत्रिकेत छापून झालं होतं. पोपट चरफडत उठला. ढब्बू त्याच्या मागोमाग गेला. पुडा तसाच राहिला. पेंटरनं तो समोरच्या कुत्र्याला घातला.

दुसऱ्या दिवशी त्यानं काम काढलं. खडू लावलेला दोरा ताणून सोडला, चार ओळींच्या रेघा उमटल्या. पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहिली. मग तिसरी सोडून चौथी, तारखेची. अक्षर इतकं देखणं आलं की स्वतःलाच त्याचा राग आला. तिसऱ्या ओळीच्या जागी वर एक खडूची रेघ, खाली एक, आणि मधे कोरा पांढरा पट्टा.

संध्याकाळी पोपट टेम्पो घेऊन आला आणि फलक बघून लालबुंद झाला. "ओळ गाळायचीच होती तर बाकीच्या सारख्या अंतरावर तरी घ्यायच्यास. हे काय भोक ठेवलंयस मधे?"

"गाळली नाही. जागा ठेवलीये," पेंटर म्हणाला. "कोण बसलं होतं ते आठवलं की सांगा. येऊन लिहीन. फुकट."

"पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही."

"मला दारच नाही," पेंटर म्हणाला.

समारंभाला तो गेला नाही. बायको गेली. परत येऊन चपला काढता काढता म्हणाली, "भाषणं झाली, हारतुरे झाले, पण सगळ्यांचे डोळे त्या मधल्या जागेवर. एक एवढीशी पोरगी बाईंना विचारते, इथलं कुठं गेलं? बाईंनी तिला पुढं ढकललं. आता मलाही सांगा, कुठं गेलं?"

मग पेंटरनं सांगितलं. चेंडूपासून पदरापर्यंत, आणि संघात घेतल्याच्या आनंदासकट. बायको भिंतीला टेकून ऐकत होती. तिला गहिवरून येईल असं त्याला वाटलं असेल, तर त्याचा अंदाज साफ चुकला.

"चाळीस वर्षं मी त्या न्हाणीघराबाहेर उभी राहिले," ती म्हणाली. "लोकांसमोर तुमची थट्टा केली, वेड्यासारखी हसले. माझा बाप नोकरीवरून तुम्हाला टाकून बोलायचा तेव्हा मीही हो ला हो म्हटलं. आणि तुम्ही मला आज सांगताय?" ती आत गेली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिचंही बरोबरच होतं.

तीनेक आठवडे गेले. शाळेतली पोरं काय ऐकतात होय. ती कोरी जागा म्हणजे त्यांना खेळच झाला. कोणी पेन्सिलीनं तिथं आपलं नाव लिहायचं, शिपाई पुसायचा. शाळेसमोरच ढब्बूची बेकरी. मधल्या सुट्टीत पाव घ्यायला आलेली पोरं त्यालाच विचारायची, "काका, तुम्ही त्यांचे मित्र ना? मधे काय लिहायचं राहिलंय?" एकदा, दोनदा, रोज. ढब्बू दुपारच्या सुट्टीला बेकरीचं दार ओढून घ्यायला लागला, असं बायकोच्या कानावर आलं. तिनं ते पेंटरला सांगितलं. पेंटर म्हणाला, "बरं झालं."

एका दुपारी पेंटर रस्त्यापलीकडच्या शिंप्याची पाटी लिहीत शिडीवर उभा होता. खाली शिंप्याचं मशीन खडखडत होतं. ढब्बू येऊन शिडीच्या पायथ्याशी थांबला. हातात पुडा नव्हता. चेहरा उतरलेला, सदऱ्याला पीठ लागलेलं. इकडं तिकडं बघून त्यानं शिडीला हात लावला.

"काल गच्चीवर जाऊन आलो," तो म्हणाला. "ती टाकी अजून आहे. झाकण बदललंय."

पेंटर ब्रशनं एक काना ओढत होता. त्यानं तो वरपासून खालपर्यंत पुरा केला.

"कप्तान म्हणाला म्हणून," ढब्बू म्हणाला. "तू जाड आहेस, तूच बस म्हणाला. पोपट कडी धरून होता." मग त्याचा आवाज आणखी बसला आणि ओठ नुसते हलल्यासारखे दिसले. "मी बसलो होतो."

पेंटरला ते स्वच्छ ऐकू आलं. पन्नास वर्षं त्याला वाटायचं, हे तीन शब्द मिळाले की छातीवरचं ओझं उतरेल, आपण सरळ घरी जाऊ आणि कडी लावून अंघोळ करू. शब्द मिळाले, आणि तसलं काही झालं नाही. उलट खाली मान घालून उभा असलेला तो जाडा म्हातारा बघून त्याच्या नाकात तोच शेवाळाचा वास आला. त्यानं शिडीवरून वाकून खाली पाहिलं.

"ऐकू येत नाही रे," तो म्हणाला. "मोठ्यानं बोल."

ढब्बूनं मान वर केली. ते शब्द त्यानं ओळखले. त्यानं शिडीवरचा हात काढला आणि वाटलं, आता हा पाठ फिरवून जाणार. पण तो गेला नाही. शिडी दोन्ही हातांनी धरून, भर रस्त्यात, तोंड वर करून तो ओरडला, "झाकणावर मी बसलो होतो."

शिंप्याचं मशीन थांबलं. पलीकडच्या दुकानातली दोन माणसं बाहेर आली.

पेंटरनं ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या कडेला निपटला आणि पुढचं अक्षर लिहायला घेतलं.

"अजून ऐकू येत नाही," तो म्हणाला.