दावं कोणी बांधायचं

हिंगणीच्या वाटेवर मी भाजीचा मळा केला तेव्हा वडिलांकडून आलेलं काहीच नव्हतं. विहीर मी खणली, बैल मी निवडले. त्यातला पांढरा तर मोट रिकामी झाली की न सांगता मागे सरायचा. तसा बैल पुन्हा मिळाला नसता. हे मला ठाऊक होतं, आणि समुद्रपूरकडच्या एका दलालालाही.

मी वांगी घेऊन बाजारात गेलेला बघून तो घरी आला. भाव विचारला नाही. पाणी मागितलं, पांढऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्या आईला म्हणाला, "माय, हा भोवरा पाह्यला नाई का कधी? असा बैल मालकाले खाते. केळझरकडं एकानं ठेवला होता. चांगला धडधाकट गडी, गेला. मले काय, सांगाचं काम केलं."

संध्याकाळी आई रडत होती आणि बायको माझ्या कपाळाला हात लावून ताप बघत होती. माझं डोकं फिरलं. भोवरा म्हणजे केसांचं वळण, माझ्या डोक्यावर तर दोन आहेत, असं मी ओरडून सांगितलं. ते सांगायला नको होतं. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. बायकोचा चेहरा आणखी उतरला.

आई म्हणाली, "खोटं असतं तं तू इतका काऊन चिडून राह्यला? इकून टाक."

पुढच्या बाजाराआधीच दलाल परत आला. आमच्याकडे बैलाचा भाव कापडाखाली बोटं धरून ठरतो. त्याने उपरण्याखाली माझी इतकी कमी बोटं धरली की मला वाटलं, हा बकरी मागतोय. दारात आई आणि बायको उभ्या. ओरडलो असतो तर बैल गेलाच होता.

मी हात सोडवून घेतला आणि हळू आवाजात म्हणालो, "भाऊ, फुकट घेऊन जा. फक्त एक आहे. या भोवऱ्याले मालक कळत नाई. जो दावं बांधते त्याच्यावरच तो उलटते. तुमच्या घरी आज कोन बांधन?"

तो हसला. "मी काय मालक थोडीच. मी तं इकणारा."

"म्हून तं सांगून राह्यलो. सोडा दावं."

त्याने हात घातला असता तर पांढरा फुकट गेला असता. दलालाचा हात दाव्यापर्यंत आला, तिथे थांबला, आणि त्याने तो उपरण्याला पुसला. "आज दिवस चांगला नाई," म्हणाला. "उद्या गडी धाडतो." तो गडी काही आला नाही.

मी मिशीवर हात फिरवत घरात वळलो. माझं कौतुक होईल असा माझा समज होता.

"पाह्यलं?" आई बायकोला म्हणाली. "दलालही भेला. खरंच आहे मंग."

बैल राहिला, कारण विकणार कोणाला? पण बायकोने त्या दिवसापासून दाव्याला बोट लावलं नाही. "बांधनाऱ्यावर उलटते म्हन्ता ना तुम्ही," एवढंच. मी घरातला कर्ता, पण माझी कोणाला काळजी उरली नव्हती. पांढऱ्याला सोडणं, बांधणं, पाणी दाखवणं, सगळं माझ्याच गळ्यात पडलं. सासुरवाडीच्या लग्नातूनही मी जेवण आटोपून बैल बांधायला घरी पळत आलो.

राग त्या दलालाचा नाही. त्याचा तो धंदा होता. घसा फोडून खरं सांगितलं तेव्हा घरात एकानेही ऐकलं नाही, आणि उभ्या उभ्या रचलेली एक थाप मात्र सगळ्यांनी बैल होता तोवर पाळली. हे मी अजून विसरलेलो नाही.