न खाल्लेलं सँडविच

माझ्या क्लिनिकमध्ये लोक वजन कमी करायला येतात. वजन जातं की नाही ते देव जाणे, पण जाताना किस्सा मात्र ठेवून जातात. अमरावतीत इतकी वर्षं डाएटिशियन म्हणून बसल्यावर माझ्याकडे या किश्शांचा चांगलाच साठा झालाय. सगळे सांगायला बसले तर तुमचा चहा निवेल, म्हणून आज फक्त पोस्टरच्या दिवसांतले सांगते.

ते पोस्टर एका औषध कंपनीच्या माणसाने आणून दिलं होतं. त्यावर एक भलंमोठं सँडविच होतं. गोल पाव, आत अंडं, चीज आणि बेकनच्या लालसर पट्ट्या. प्रत्येक थराला बाण काढून लिहिलेलं, यात फॅट किती, मीठ किती, प्रोटीन किती. कॅलरी साडेचारशे, आणि मीठ तर दिवसभराच्या निम्म्याएवढं! सकाळच्या एका नाश्त्यात काय काय लपलेलं असतं हे लोकांना कळावं, म्हणून मी ते हौसेने वेटिंग रूममध्ये लावलं.

झालं उलटंच. जो येईल तो पोस्टर वाचून निर्दोष सुटायला लागला.

धामणगाव रेल्वेचे एक धान्याचे व्यापारी तर माझ्यावरच चिडले. "मॅडम, याच्यातलं मी काईच खात नाही. मंग माहं वजन काहून वाढून राहिलं?"

सकाळी काय खाता, म्हणून विचारलं. तीन आलूबोंडे, त्यावर रस्सा, आणि तोंडाची चव बदलायला दोन कचोऱ्या.

"पण ते कुठं हाये तुमच्या पोस्टरवर?"

*

लाल पट्ट्या कशाच्या, हा प्रश्न रोजच यायचा. माझी रिसेप्शनिस्ट मंदा पडली सरळ बाई. ती सरळ सांगायची, डुकराच्या. मग एखादे माळकरी आजोबा खुर्ची उचलून भिंतीकडे पाठ करून बसायचे. असं दोन-तीनदा झाल्यावर मंदाने ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी आणली आणि बेकनवर लावून टाकली.

तोवर निम्मे लोक पोस्टरकडे बघतही नव्हते. पट्टी लावल्यापासून मात्र जो येईल तो आधी तिचं टोक उचलून खाली काय आहे ते बघायचा, मगच नाव नोंदवायचा. महिनाभरात ते टोक काळंकुट्ट झालं. आजोबांनीही बघितलं, मी पाहिलंय.

*

याच सुमारास सुखदेवभाऊ आले. चांदूर रेल्वेजवळ त्यांचा भाजीचा मळा आहे. वांगी, पालक, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर पिकवायची आणि बाजारात स्वतः बसून विकायची. सोबत बायको, लीलाबाई. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू. सुखदेवभाऊंची किडनी त्यांना जुळत होती. पण नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी दहा किलो वजन उतरवा, त्याशिवाय आम्ही हात लावणार नाही.

"दहा किलो म्हंजे अर्धं कॅरेट टमाटे," सुखदेवभाऊ म्हणाले. "उतरवतो."

मी चार्ट समजावून सांगितला. त्यांनी मान डोलावली. बाहेर जाऊन पोस्टरही मन लावून वाचलं, मंदाला काय काय विचारलं आणि खुशीत गेले. मलाही वाटलं, हा माणूस करणार.

महिन्याने आले तेव्हा काटा एक किलो वर होता.

मी रागावले. ते मात्र शांत. त्यांचा हिशेब पक्का होता. एक सँडविच साडेचारशेचं. मंदाने सांगितल्याप्रमाणे त्यांच्याकडचा आलूबोंडा सव्वादोनशेचा. सँडविच तर ते रोजच सोडत होते. म्हणजे रोजचे दोन आलूबोंडे त्यांच्या नावावर जमा. त्यांनी तेवढेच खाल्ले, वर एक नाही. फक्त बाजाराच्या दिवशी मेहनत जास्त पडते म्हणून त्या दिवशी दोन सँडविच सोडली.

मंदा तोंडावर फाइल धरून हसत होती. मलाही हसू फुटणारच होतं, तेवढ्यात लीलाबाई बोलल्या. डायलिसिसमुळे त्यांना दिवसाला मोजून पाणी मिळायचं. तहान लागली की त्या ओला रुमाल ओठांवर फिरवायच्या.

"तुमी न खाल्लेलं जमा धरता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मंग मी न पिलेलं पाणी जमा धरू काय?"

मला एकदम भरून आलं, आणि आपण हसणार होतो याची लाजही वाटली. त्या दिवशी सुखदेवभाऊ माझ्याकडून चार्ट पुन्हा समजून घेऊन गेले, आणि या वेळी मंदाला काही विचारलं नाही.

*

मध्येच एक गणिताचे रिटायर्ड सर येऊन गेले. हात मागे बांधून, परीक्षेचा पेपर वाचावा तसं त्यांनी पोस्टर वाचलं आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाले, या सँडविचमध्ये प्रोटीन चांगलं वीस ग्रॅम दिसतंय. आपल्या आलूबोंड्यात किती?

तीन-चार ग्रॅम असेल, मी म्हणाले.

"म्हणजे चोर गावात फिरतोय, आणि तुम्ही फोटो भलत्याचाच लावलाय."

मी ते पोस्टर त्याच संध्याकाळी काढलं. मंदाला वाईट वाटलं. लोकांना येऊन बघायला काहीतरी होतं, म्हणाली.

*

सुखदेवभाऊ आता खरोखर उतरत होते. भाकरी, भाजी, मटकीची उसळ आणि पहाटे बाजारापर्यंत पायी. पण जीभच ती. एकदा राहवलं नाही म्हणून बाजारातल्या नेहमीच्या आलूबोंड्याच्या गाडीवर गेले आणि हळूच म्हणाले, एकच दे. लीलाबाईंनी बाजारभर सांगून ठेवलेलं त्यांना माहीत नव्हतं.

गाडीवाल्याने झारा कढईच्या काठावर ठेवला. "भाऊ, वहिनीची किडनी तळून देऊ काय?"

हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. गाडीवाल्याचा राग आला का, म्हणून मी विचारलं. म्हणाले, राग कायचा, त्यानं मले फुकट चहा पाजला, बिनसाखरेचा.

शेवटच्या वजनाला त्यांनी चपला काढल्या, गमछा काढला, खिशातला कंगवासुद्धा मंदाच्या हातात दिला. अर्धं कॅरेट उतरलं होतं, वर थोडं जास्तच. मंदाने पेढे आणले, आणि आमच्या क्लिनिकमध्ये पेढे चालत नाहीत हे लक्षात आल्यावर शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले.

*

मग नागपूर. ऑपरेशनच्या आधी तिथे एक समिती बसते. किडनीचा सौदा तर नाही ना, कोणी दमदाटी तर केली नाही ना, हे देणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर विचारतात. त्यांना जरा शंका आली तर सगळं अडून बसतं. त्यामुळे लीलाबाईंच्या भावाने सुखदेवभाऊंना आदल्या दिवसापासून पढवलं होतं. भाऊजी, तुमी लय बोलता. साहेब इचारतील तेवढंच सांगा. एका शब्दात. आपलं डोकं चालवू नका.

हा किस्सा मला त्या भावानेच तिथून फोन करून सांगितला. तो हसत होता की रडत होता, ते मला फोनवर नीट कळलं नाही.

सुखदेवभाऊंनी सगळी उत्तरं पढवल्याप्रमाणे दिली. नाव. गाव. धंदा, भाजी. कोणी जबरदस्ती केली का, नाही. धोका समजलाय का, हो. समितीचे साहेब खूश दिसत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, ही किडनी दिल्याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळणार आहे?

हा प्रश्न पढवलेला नव्हता. सुखदेवभाऊंनी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याने डोळ्यांनी खुणावलं, काही नाही म्हणा. त्यांना ते समजलं नाही. लीलाबाई शेजारीच बसल्या होत्या, पदर सावरत. साहेबांनी आता जरा कडक आवाजात पुन्हा विचारलं, अहो, सरळ सांगा, बदल्यात काय मिळणार तुम्हाला?

"बायको," सुखदेवभाऊ म्हणाले.