जिथे मिल तिथे मुक्काम

सत्यवतीबाई पटले यांची आपल्या नवऱ्याबद्दल एकच तक्रार होती, आणि ती त्यांची अर्ध्या तुमसरला ऐकवून झाली होती. या माणसाला सरळ रस्ता माहीत नाही! बाबूलाल मिस्त्री कोपऱ्यावर बेसन आणायला निघाले आणि वाटेत एखाद्या राइस मिलच्या आवाजात जरा खरखर ऐकू आली, की संपलं. पाय आपोआप फाटकातून आत. बेसन संध्याकाळी घरी यायचं. तोवर ज्यांच्यासाठी भजी करायची ते पाहुणे चहावर समाधान मानून गावी पोचलेले असायचे.

मिस्त्रींचा हात मात्र सोन्याचा. चाळीस वर्षं तुमसरच्या मिलांमध्ये रबर रोल बदलले, पट्टे चढवले, चाळण्या बसवल्या. शटडाउन झालेली मिल त्यांच्याशिवाय चालू होत नाही असा लौकिक. बाहेर लोक देवमाणूस म्हणत. देवमाणसाच्या बायकोला कोणी काही विचारत नाही, ती जेवण झाकून बसलेली असते.

बाईंनी या माणसाकडे जन्मात एकच गोष्ट मागितली होती. समुद्र. दागिना नाही, बंगला नाही. माहेर नाकाडोंगरीचं. तिथल्या शाळेत गुरुजींनी नकाशावरचं निळं दाखवून सांगितलं, की या पाण्याला पलीकडची पाळ नाही. सत्यवतीला ते मुळीच पटलं नाही. आपल्या मुलखात बोडी असो की तलाव, या काठावर उभं राहिलं की त्या काठावरची गुरं दिसतात. पाळ नाही तर पाणी थांबतं कशानं? गुरुजी म्हणाले, मोठी झाल्यावर जाऊन पाहा. मोठी झाली आणि लग्न होऊन तुमसरला आली. लग्नाच्या पहिल्या महिन्यात नवऱ्याला सांगितलं, तर नवरा म्हणाला, "हात्तिच्या! पुढच्या साली जाऊ."

ते पुढचं साल काही उगवलं नाही. एकदा गावच्या यात्रेच्या गाडीनं दोघं जगन्नाथपुरीला गेले. बाईंना तिथं असा ताप भरला, की दोन दिवस धर्मशाळेत घोंगडीखाली गेले. समुद्राचा आवाज ऐकला, दर्शन जगन्नाथाचंही नाही आणि समुद्राचंही नाही. बरं, ते नशीब म्हणून सोडलं. पण काकिनाडा? मिलमालकासोबत मिस्त्री काकिनाड्याला नवं मशीन पाहायला निघाले, बाईंची पिशवी भरून तयार, आणि जीप आली तेव्हा मिस्त्री दुसऱ्या मिलमधूनच परस्पर बसून गेले. अकरा दिवसांनी परतल्यावर बाईंनी विचारलं, "समुद्र कसा होता?" मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले, "समुद्र पाहाले टाइम कोनाले होता वो? तिथल्या मशिनी पाहाले पायजे होत्या तुनं!" त्या दिवशी बाईंनी भाताला मीठच टाकलं नाही. मिस्त्रींना ते कळलंसुद्धा नाही.

म्हणून लेक रेणूचा टांझानियाहून फोन आला, "माय, जिथं विमान उतरते त्याच गावात समुद्र हाय," तेव्हा बाईंनी आधी देवाजवळ दिवा लावला आणि मग पासपोर्टचे फोटो काढले. रेणूचा नवरा कैलाश तुरकर त्या देशातल्या म्बेया गावी राइस मिलचा मॅनेजर होता. तोही मूळचा मिस्त्रींच्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं तिकिटं पाठवली. मुंबईत विमान बदललं तेव्हाही काचेतून विमानंच दिसली, पण बाईंनी ते मनावर घेतलं नाही. आता कशाची घाई?

दार-ए-सलामला सकाळी उतरले. कैलाश, रेणू आणि सहा वर्षांची नात रक्षा गाडी घेऊन उभे. बाई गाडीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "जवाईबापू, पहिले समुद्र."

"मामी, समुद्र कुठं पळून चालला?" कैलाश सासूबाईंना हसून म्हणाला. "साडेआठशे किलोमीटर जायचं हाय. आता निघालो तर रात्री घरी. परतताना दाखवतो ना, आरामात."

परतताना! पुढच्या सालाचाच तो धाकटा भाऊ. बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री ड्रायव्हरशेजारच्या सीटवर आधीच बसून पट्टा लावत होते.

आणि मग रात्री घरी पोचले का? छे. त्या देशात गाव आलं की गाडी पन्नासच्या वर नेता येत नाही, आणि पांढऱ्या कपड्यांतले पोलीस झाडाआडून नेमके तिथंच निघतात. पुढे जांबियाकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. हे कमी म्हणून की काय, रस्ता जंगलातून जातो आणि जंगलात जिराफ उभे. रक्षा ओरडली, "जिराफ!" गाडी थांबली. ते एक वेळ समजता येईल, जिराफ तुमसरला नसतात. पण मिस्त्री? त्यांना रस्त्याकडेला ताडपत्रीवर वाळत घातलेलं धान दिसलं की, "कैलाश, पाच मिनिटं." उतरायचं, मूठभर उचलायचं, एक दाणा दाताखाली मोडायचा, आणि परत येऊन सगळ्यांना सांगायचं, की अजून ओलं हाय. कोणी विचारलं होतं? मिल दिसली की, "पाच मिनिटं." घाट चढताना पुढे ट्रक बंद पडला, तर त्याच्याही खाली वाकून पाहून आले.

"अजी, ते तुमचं काय लागते?" बाई शेवटी बोलल्याच.

"आवाज चुकीचा येऊन राहिला होता त्याचा," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

भाषेची आणखी वेगळी गंमत. तिकडे आजोबाला म्हणतात बाबू. त्यामुळे मिस्त्रींनी नाव सांगितलं की लोक खूश, जो तो "बाबू, बाबू" करत त्यांचा हात हातात घेणार. आणि आजीला म्हणतात बीबी. चहाच्या टपरीवर एका पोरसवदा माणसानं आदरानं "बीबी" म्हटलं तेव्हा बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्या, मी कायले तुही बीबी होऊ?" रेणूनं हसतहसत समजावलं, पण बाईंचा राग उतरायला पुढचा डोंगर यावा लागला. एका दिवसाच्या वाटेला दोन दिवस लागले.

म्बेयात तीन आठवडे राहिले. थंडी एवढी, की बाई दोन स्वेटर घालून चुलीशी बसत. मिस्त्री रोज सकाळी जावयाबरोबर मिलमध्ये. सुट्टीवर आलेला माणूस! परतीची तारीख जवळ आली तशी बाईंनी कैलाशला समोर बसवून हिशेब पक्का केला: विमान सोमवारी संध्याकाळी. रविवारी पहाटे निघायचं, कितीही झालं तरी रात्री दार-ए-सलाम. सोमवारी सकाळ पूर्ण समुद्राची. मिस्त्रींकडून देवाची शपथ घेतली, की गाडीतून उतरणार नाही.

शपथ साठ किलोमीटर टिकली. सकाळी सातला एका गावाजवळ रस्त्यालगत मिल दिसली. मिल बंद होती. बंद मिलला आवाज नसतो, म्हणून बाई निश्चिंत होत्या. पण दाराशी तीस-चाळीस बाया आपापल्या धानाच्या पोत्यांवर बसलेल्या, आणि त्या कशासाठी बसल्या आहेत हे मिस्त्रींना सांगावं लागत नाही.

"कैलाश, पाच मिनिटं."

"मामाजी, नाही," कैलाश म्हणाला आणि गाडी थांबवली. तोही शेवटी त्याच गुरूचा चेला.

मशीन दोन दिवसांपासून बंद होतं. म्हणजे त्या बाया दोन दिवस तिथंच. पोतं सोडून घरी जाता येत नाही आणि धान भरडल्याशिवाय घरी शिजवायला काही नाही. मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या. आठ वाजले, नऊ वाजले. बाई रागानं गाडीतून उतरून एका म्हाताऱ्या बाईशेजारी पोत्यावर जाऊन बसल्या. म्हातारीनं त्यांना मूठभर धान दाखवलं, म्हणाली, "म्पुंगा." खिशातून चार तांदूळ काढले, "म्चेले." मग हातानं घास घेतल्याची खूण केली, "वाली." बाई पाहतच राहिल्या. धान, तांदूळ, भात! नागपूरच्या शिकल्यासवरल्या लोकांना धान आणि तांदळातला फरक सांगावा लागतो, आणि इथं या परक्या मुलखात एकाच दाण्याची तीन वयं, तीन नावं. या आपल्यातल्याच बाया, असं मनात आलं, आणि असं मनात आलं म्हणून बाईंना आणखी राग आला. आता धड रागावताही येईना.

बारा वाजता मिस्त्री बाहेर आले. कोपरापर्यंत काळे हात. मशीनचे तुकडे गोणपाटावर पसरलेले. बेअरिंग गेलं होतं, ते मागच्या गावाहून आणायला माणूस गेलेला, बसवून चालू करायला संध्याकाळ होणार.

"मामी," कैलाश हळूच म्हणाला, "आता निघालो तर समुद्र मिळते. नाही तर उद्या सीधा विमानतळ."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. "तू सांग," ते म्हणाले. "तू म्हनशील तर आत्ता हात धुतो."

घ्या! चाळीस वर्षांत या माणसानं पहिल्यांदा विचारलं, आणि मुहूर्त कोणता काढला? तीस-चाळीस बाया तोंडाकडे पाहताहेत. हो म्हणावं तर यांच्या चुली थंड ठेवून गेलेली कैदाशीण आपण. नाही म्हणावं तर ये रे माझ्या मागल्या. न विचारता केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. बाईंच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं.

"तुमी राहा," त्या म्हणाल्या. "मी जातो."

मिस्त्रींना कळलंच नाही. "म्हनजे?"

"म्हनजे मी समुद्र पाहाले जातो. तुमी मशीन करा आनं रातच्या मोटारीनं या. सारेच बाबू-बाबू करतेत तुमाले, आनून सोडतीन."

गाडी सुटल्यावर बाई काचेबाहेर पाहत बसल्या. धाडस केल्याचं भय वाटत नव्हतं, खुपत होतं ते दुसरंच. नवरा थांबला म्हणजे आपणही थांबायचं, असं चाळीस वर्षांत कोणीच सांगितलं नव्हतं, आणि तरी त्या थांबत आल्या होत्या. पुरीहून परतल्यावर एकटीनं पुन्हा जाता आलं नसतं का? काकिनाड्याची रेल्वे काय फक्त मिस्त्रींसाठी होती? हा राग नवरा नावाच्या खुंटीला टांगता येईना. जंगलात रक्षा "जिराफ" म्हणाली तेव्हा, "पाहिले ना मागे," एवढंच म्हणाल्या. गाडी सुरळीत धावत होती, कोणी उतरत नव्हतं, आणि बाईंना करमत नव्हतं.

सोमवारी सकाळी समुद्र दिसला.

गुरुजी खरं बोलले होते. बाईंनी चप्पल काढून हातात घेतली, डावीकडून उजवीकडे नीट पाहून घेतलं, मग उजवीकडून डावीकडे. कुठंच काही नाही, फक्त पाणी. लाट पायांवर आली तशी त्या एखाद्या पोरीसारख्या किंचाळल्या आणि रेणूला घट्ट धरून हसल्या. आनंद झाला, पोटभर झाला. कैलाशनं सांगितलं, की याचं नावही हिंदी महासागर. म्हणजे आपलाच, आणि भेटला कुठं तर इथं!

मग काही तरी म्हणायला म्हणून बाई शेजारी वळल्या. शेजारी कोणी नव्हतं. पोरगी होती, जावई होता, पण ज्याला दाखवायचं, टोचायचं, "पाहा, यालेच टाइम नव्हता तुमाले!" असं सुनवायचं, तो माणूस नव्हता. बाई वाळूत बसल्या आणि पुन्हा संतापल्या. एवढा मोठा समुद्र आणि भांडायला माणूस नाही, याला काय अर्थ आहे?

मिस्त्रींचा फोन आला. मिल चालू झाली होती, बायांनी दोन किलो तांदूळ बांधून दिला होता, आणि बसचं टायर फुटलं होतं. पोचायला एक वाजणार.

"सीधे विमानतळावर या म्हना," कैलाश घड्याळ पाहत म्हणाला.

"नाही. इथं आना त्यायले."

"मामी, टाइम नाही उरत!"

"उरते," बाई म्हणाल्या. "मी थांबली ना आतापर्यंत?"

सव्वाला रिक्षा आली. तिकडे रिक्षाला बजाजीच म्हणतात. मिस्त्री उतरले. सदऱ्यावर ग्रीसचे डाग, काखेत तांदळाची पिशवी, डोळे जागरणानं लाल. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सकाळपासून त्यांनी सगळं मनात लावून ठेवलं होतं. पुरीपासून सुरुवात, मग काकिनाडा, मग बेसन, मग मोडलेली शपथ. एक शब्द सोडणार नव्हत्या.

मिस्त्री पाण्यापर्यंत आले. लाटेनं त्यांचे बूट भिजवले, तरी ते मागे सरकले नाहीत. ते बराच वेळ पाहत राहिले, इतका वेळ, की कैलाशनं रस्त्यावरून दोनदा हॉर्न वाजवला. मग ते समोर पाहतच म्हणाले, "लय मोठी चूक झाली वो माही. तुले लवकर आनाले पायजे होतं."

चाळीस वर्षं जपून ठेवलेलं भांडण या माणसानं एका वाक्यात निकामी करून टाकलं. तेही असं, हात जोडल्यासारखं, भिजल्या बुटांत उभं राहून.

"आता बोलाले काय ठेवलं तुमी मले?" त्या जोरात ओरडल्या. आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. आणि बाई रडायला लागल्या.