मिसेस जोशींचा बुधवार

दातवाले फिडल वाजवायला लागले की ऐकणाऱ्याचे दात आंबायचे. हे मी जळून म्हणते, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे आणि ते बरोबरच आहे. पण दात आंबायचे हेही तितकंच खरं. फक्त ते एकट्या माझेच आंबायचे. बाकी सगळे टाळ्या वाजवून ताल धरायचे, आणि माझं खरं दुखणं ते होतं.

दातवाले म्हणजे कालगुर्लीतले आमचे दातांचे डॉक्टर, मूळचे सांगलीचे. तोंडावर सगळे त्यांना ‘डॉक्टर’ म्हणत, पण गावातल्या चौदा मराठी घरांत त्यांचं नाव दातवालेच पडलं होतं. त्यांचं घर आमच्या घराच्या मागे, मधे फक्त पत्र्याचं कुंपण. या सोन्याच्या खाणीच्या गावात माणसं दोन-तीन वर्षांच्या बोलीवर येतात आणि पहिल्या दिवसापासून पर्थला कधी जायचं याचा हिशेब मांडतात. माझा नवरा मिलिंद खाणीत इंजिनियर, आम्हीही तसेच आलो होतो, पुढे राहून गेलो तो भाग वेगळा. दातवाले मात्र वीस वर्षं तिथेच राहिले होते. गावातल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी त्यांच्यासमोर आ वासलेला होता, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी तोरा मिरवायचं नाही.

त्यांच्या हातात फिडल, म्हणजे तिकडच्या ढंगाने वाजवायचं व्हायोलिन, आलं ते एका कवळीमुळे. ॲलेक नावाचा एक म्हातारा स्कॉटिश फिटर होता, खाणीतून निवृत्त झालेला. त्याला नवी कवळी काही केल्या बसेना. जेवताना काही नाही, बोलताना काही नाही, पण फिडलवर हनुवटी टेकवली की हिरडीला रुतायची. चौथ्या खेपेला तो फिडल घेऊनच दवाखान्यात आला आणि खुर्चीत बसून वाजवायला लागला. दातवाले कवळी काढायचे, थोडी घासायचे, परत बसवायचे आणि म्हणायचे, “नाऊ प्ले.” असं तासभर चाललं. बाहेरचे पेशंट ताटकळले, पण एकही उठून गेला नाही म्हणे. शेवटी कवळी बसली आणि दातवाल्यांनी विचारलं, “मला शिकवशील का?” तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. डाव्या हाताची करंगळी अर्धीच, लहानपणी उसाच्या चरकात गेलेली. ॲलेकने ती पाहिली आणि म्हणाला, “यू’व्ह स्टिल गॉट थ्री गुड वन्स, मेट.”

आता माझ्याबद्दल सांगते, म्हणजे माझं जळणं निदान समजून तरी घेता येईल. मी पुण्यात अकरा वर्षं गुरुजींकडे व्हायोलिन शिकले. पहिलं वर्षभर नुसता षड्ज. गुरुजी डोळे मिटून ऐकायचे आणि सूर केसभर हलला तर एक डोळा उघडायचे. त्या एका डोळ्याच्या धाकात माझं कॉलेज संपलं. लग्न झालं, इकडे आले, आणि अकरा वर्षांच्या मेहनतीला मिळालं काय, तर गणपतीत पंधरा मिनिटं. तीही कुठली, तर आरती झाल्यावर आणि जेवणाची पानं वाढून होईपर्यंतची. मी मन लावून आलाप करायचे आणि समोर लोक एकमेकांना विचारायचे, मोदक उकडीचे आहेत की तळणीचे.

एका वर्षी माझं वाजवून झालं आणि दातवाले उठले. “वहिनींनंतर वाजवायची आपली लायकी नाही, पण चुकलं तर कोणाचा दात पडत नाही,” असं म्हणून त्यांनी फिडल खांद्याला लावलं. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाजवण्याआधी म्हणायचे, गाडी मागे घेताना म्हणायचे, शुभाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, नवीन पदार्थ पहिल्यांदा केला की म्हणायचे. मग त्यांनी एक भरधाव स्कॉटिश चाल सुरू केली. चार सुरांतला एक हमखास चुकत होता. पण मुलं उठून नाचायला लागली, मग आया, मग पानं वाढणारेसुद्धा. माझी सई, मी आठ वर्षं जिला एक सरगम म्हणून दाखव म्हणून विनवत होते ती, सगळ्यांच्या पुढे. गाडीत मी तिला म्हटलं, “अगं, सुरात तरी होतं का ते?” तर म्हणते, “मम्मा, ही’ज फन. यू आर लाइक... एक्झाम.” मिलिंदने रस्त्यावरून नजर हलवली नाही, पण त्याचे खांदे हसत होते.

मग दातवाल्यांनीच आम्हाला त्यांच्या फिडल वीकेंडला नेलं. कालगुर्लीपासून चारेक तासांवर गव्हाच्या शेतांमधलं एक छोटं गाव, पत्र्याच्या छपराचा हॉल, दारात गावातल्या बायकांनी केलेले स्कोन नावाचे पाव आणि जॅम. शुक्रवार ते रविवार तिथे आसपासचे शेतकरी, नर्सेस, शाळामास्तर, ट्रक चालवणारे जमतात आणि स्कॉटलंडच्या जुन्या चाली वाजवतात. मी का गेले? खरं सांगायचं तर दाखवायला गेले. अकरा वर्षं शिकलेला हात म्हणजे काय असतं, ते एकदा या लोकांना कळू दे, असं मनात होतं.

शनिवारी सकाळी शिकवणी होती. शिकवणारी मॉरीन, मोठ्या शेताची मालकीण. कागद नाही, स्वरलेखन नाही, ती वाजवणार आणि आपण कानाने उचलायचं. हे तर आमचंच! दुसऱ्या फेरीला चाल माझ्या हातात होती. मी ती वाजवली, थोडी सजवली, दोन ठिकाणी मींड घेतली, एका जागी जरा थांबले. सगळ्यांचे ठेका धरणारे पाय थांबले. मॉरीन म्हणाली, “दॅट’स ब्यूटिफुल, लव्ह. बट पीपल हॅव टू डान्स टू इट.” माझ्या शेजारी दातवाले चुकीचे सूर ठणकावून वाजवत होते, पाय मात्र घड्याळासारखा पडत होता, आणि अख्खी खोली त्यांच्या त्या पायाकडे बघून वाजवत होती. मला रडूच यायचं बाकी होतं.

रविवारी दुपारी निरोपाची बैठक असते. खुर्च्या गोल मांडतात, एकजण चाल सुरू करतो, बाकीचे तीत शिरतात. या लोकांची एक रीत आहे. चाल रचली की तिला माणसाचं नाव देतात. कोणाच्या बायकोचं स्वयंपाकघर, कोणाच्या कुत्र्याचा निरोप, असलं काहीही. आणि ज्याच्या नावाची चाल आहे तो माणूस हॉलमध्ये हजर असला, तर सुरुवात त्याने करायची, दुसऱ्याने नाही. म्हाताऱ्या ॲलेकने दातवाल्यांच्या नावाने एक चाल बांधली होती, ‘द डेंटिस्ट्स हाफ डे’. दर बुधवारी दुपारी ते दवाखाना बंद ठेवून फिडलला बसत, म्हणून. दातवाल्यांनी ती सुरू केली, चुकत चुकत, आणि फिडलचे चाळीस-पन्नास गज एकदम उचलले गेले. मी मागच्या खुर्चीवर स्कोन खात बसले होते. उरलेला तसाच बशीत ठेवून दिला.

त्यानंतरच्याच एका बुधवारची गोष्ट. मी दुपारी तीनला, सई शाळेतून यायच्या आधी, मागच्या खोलीत वाजवायला बसायचे. खिडकी उघडी असायची. भीमपलासीतली एक गत मी रोज घोळवायचे, गुरुजींनी स्वतः बांधलेली. ती माझ्याशिवाय आता कोणाला येत असेल असं मला वाटत नाही. संपवून मी दोरीवरचे कपडे काढायला अंगणात आले, तर कुंपणावर दातवाल्यांचं डोकं.

“वहिनी, ते उतरतानाचं पुन्हा एकदा वाजवता? दर बुधवारी ऐकतो मी. मला शिकवाल का ते?”

दर बुधवारी! म्हणजे इतके महिने हा माणूस कुंपणाला कान लावून बसला होता. माझ्या डोक्यात एकदम तो हॉल आला, ते पन्नास गज आले, सईचं नाचणं आलं. मी म्हटलं, “डॉक्टर, तिथे वरचा गंधार करंगळीने घ्यावा लागतो. तुम्ही कशाने घेणार?”

दातवाल्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग हसून म्हणाले, “तेही खरंच.” आणि त्यांचं डोकं कुंपणाखाली गेलं.

मी माफी मागितली नाही. पुढच्या बुधवारपासून खिडकी लावून घेतली. तेवढ्यावरही थांबले नाही, बुधवारी वाजवणंच सोडलं. मिलिंदने एकदा विचारलं, तर उकडतं म्हणून सांगितलं. खिडकी लावल्यावर जास्त उकडतं, हे तो बोलला नाही.

दातवाल्यांच्या वागण्यात मात्र तसूभर फरक पडला नाही. लिंबं आली की कुंपणावरून पिशवी यायची. सईची अक्कलदाढ त्यांनीच काढली. दर वर्षी वीकेंड जवळ आला की विचारायचे, “वहिनी, या वर्षी चला. तुमच्यासाठी एक गंमत आहे.” मी दर वर्षी नवीन कारण काढायचे. गंमत म्हणजे काय असणार, पुन्हा कोणीतरी त्यांच्या नावाने काहीतरी रचलं असेल आणि मी ते मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचं, असं मी धरून चालले होते. तीन वर्षांपूर्वी ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, स्प्रिंगफील्ड लेक्सला मुलीकडे राहायला गेले, तेव्हा निरोपाच्या जेवणात मी सगळ्यांपेक्षा जास्त माणसांना वाढलं. बोलायला नको म्हणून.

या हिवाळ्यात शुभाताईंचा फोन आला. दातवाले दुपारी खुर्चीत बसले होते, ते तसेच गेले. थोडं रडून झाल्यावर त्या म्हणाल्या, “फिडलवाले रविवारी त्यांच्यासाठी वाजवणार आहेत गं. मला इथून प्रवास झेपणार नाही. तू जाशील का? आणि व्हायोलिन घेऊन जा.” नाही म्हणायला तोंड कुठे होतं मला?

गेले, पण व्हायोलिन गाडीच्या डिकीतच ठेवलं. हॉल तोच, स्कोन तेच. ॲलेकही जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी ‘डेंटिस्ट्स हाफ डे’ वाजवलं. सुरू करायला कोणी नव्हतं, म्हणून सगळ्यांनी एकदम सुरू केलं. मग मॉरीन माझ्याकडे वळली.

“मिसेस जोशी? वी’व्ह बीन वेटिंग सेव्हन इयर्स फॉर यू. हाऊस रूल. यू स्टार्ट इट.”

मी विचारलं, “स्टार्ट व्हॉट?”

“‘मिसेस जोशीज वेन्सडे’. युअर ट्यून, लव्ह. डिडन्ट ही टेल यू?”

मिलिंद डिकीतून व्हायोलिन घेऊन आला. मी त्यांच्या सुरात तारा मिळवेपर्यंत, मला कळावी म्हणून मॉरीनने चाल गुणगुणली. दुसऱ्याच ओळीला माझा हात खुंटीवर थांबला. गुरुजींची गत होती ती! त्यांच्या लयीत सरळ केलेली, नाचता येईल अशी, पण तीच. बंद खिडकीच्या आधी जेवढी कानावर पडली होती तेवढी, कुंपणापलीकडून उचललेली. फक्त उतरताना जिथे वरच्या गंधाराला जायचं, तिथे ती वर जात नव्हती. तिथे षड्जच दोनदा येत होता. तीन बोटांनी जेवढं पोहोचता येतं तेवढंच.

मॉरीन म्हणाली, “ही ऑल्वेज सेड ही’ड गॉट दॅट बिट राँग. मिसेस जोशी’ल फिक्स इट व्हेन शी कम्स. सो वी लेफ्ट इट.”

तेव्हासुद्धा मला त्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं मी शिकले, गुरुजींचा तो एक डोळा मी सोसला. आणि माझ्या खोलीत खिडकी लावून कोंडलेली त्यांची गत पन्नास शेतकऱ्यांच्या हातात कोणी दिली, तर ज्याला मी बोटावरून हिणवलं त्या माणसाने. वर नाव दिलं माझं. माझ्या नावाची चाल मी त्यांच्यासमोर एकदा जरी सुरू केली असती, तर ते कसे हसले असते ते मला माहीत आहे. ते बघायचे चार रविवार मी माझ्या हाताने घालवले.

पन्नास गज हवेत थांबले होते. सगळे माझ्याकडे बघत होते, चूक कशी सुधारायची ते एकदा कळू दे म्हणून. मी गज लावला. पहिली ओळ झाली, दुसरी आली, ती उतरण आली.

माझी करंगळी चांगली धडधाकट आहे. ती मी उचललीच नाही. षड्ज दोनदा वाजवला.